मैत्रिणीला कड्यावर नेताना

कड्याखाली शनिवार-रविवारी चढाईला मुलं-मुली येतात आणि त्यांच्यासाठी आमच्या गटाच्या बायका पिठलं-भाकरी करतात, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या प्रशिक्षकांनी आम्हा पाच जणींनाही दोर बांधून कातळावर चढवलं. तेव्हापासून मासिक बैठकीत बचतीचा हिशेब मिटला, की कुणीतरी म्हणतंच, "आम्हालाही न्या की!" म्हणून आज नवख्या मैत्रिणीला कड्यावर कसं न्यायचं, याबद्दल बोलू.

आधी आमची चूक सांगतो. गटातल्या एका काकूंना आम्ही हौसेनं घेऊन गेलो. वीसेक फूट चढल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला खाली घ्या." आम्ही खालून ओरडत राहिलो, "थोडंच राहिलंय काकू! आमची हिरकणी!" वर टाळ्याही वाजवल्या. काकूंचे पाय शिलाई मशीनसारखे थडथडायला लागले आणि हात सुटले. दोर वरून होता म्हणून त्या हातभरच खाली आल्या. गुडघा खरचटला, बाकी काही झालं नाही. पण महिनाभर त्या आमच्याशी धड बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. हिरकणीची गोष्ट वेगळी. रायगडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं लेकरू, म्हणून ती कडा उतरली. काकूंवर अशी कोणती वेळ आली होती?

आता आमच्यात ठरलंय, की चढणारी "खाली" म्हणाली की तिला खाली घ्यायचं. का म्हणून विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. आणि उंच जाण्याआधी एक काम करून घ्यायचं. मैत्रिणीला डोक्याइतक्या उंचीवर चढू द्यायचं आणि तिथं मुद्दाम हात सोडायला लावायचे. दोर आपल्याला धरतो आणि अलगद खाली आणतो, हे अंगाला एकदा कळलं की निम्मी भीती जाते. नुसत्या तोंडी सांगण्यानं ती जात नाही.

नवखीसाठी दोर नेहमी वरून असावा. तो कड्याच्या माथ्यावरच्या पक्क्या आधारातून येतो. एक टोक चढणारीच्या कमरेला, दुसरी बाजू खालच्या मैत्रिणीच्या हातात. या खालच्या कामाला 'बिले' म्हणतात. माथ्यावरचे आधार किमान दोन हवेत. एक निसटला तरी दुसऱ्यानं भार पेलला पाहिजे. ते लावण्याचं काम प्रशिक्षकाचंच. आम्ही दोन हिवाळे शिकलोय, तरी त्याला हात लावत नाही. दोरही चढाईचाच हवा, साधारण दहा मिलिमीटर जाडीचा. विहिरीचा किंवा गुरांचा दोर कितीही जाड असला तरी नको. चढाईचा दोर ताणला की थोडा लांबतो आणि झटका गिळतो. पण त्यामुळेच सुरुवातीच्या पाच-सात हातांत तो जास्त ताणलेला ठेवायचा, नाहीतर लांबून लांबून पाय जमिनीला टेकायचे.

बिले करणारीचा एक हात दोराच्या खालच्या भागावरून कधीच सुटता कामा नये. फोन पिशवीत. चढणारी अंगानं खूप भारी असेल तर तिच्या वजनानं खालची उचलली जाते, म्हणून खालचीलाही मागे बांधून घ्यायचं.

चढण्याआधी दोघींनी एकमेकींची तपासणी करायची, नुसतं बघून नाही, हात लावून. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर आहे का? आठाच्या आकड्याची गाठ पूर्ण बांधली आहे का, तिची शेपटी वीतभर उरली आहे का? कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद केलाय का? आणि गाठ बांधताना गप्पा बंद! यात थट्टा नाही. अमेरिकेची लिन हिल ही जगातली नावाजलेली गिर्यारोहक. १९८९ साली फ्रान्समध्ये चढताना तिची गाठ अर्धवटच राहिली होती. माथ्यावर पोचून दोरावर भार टाकला तेव्हा ती उंचावरून कोसळली आणि झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. १९९३ मध्ये तिनं एल कॅपिटनचा 'नोज' मार्ग फक्त हातापायांच्या बळावर चढून दाखवला. तोवर कुणा पुरुषालाही ते जमलं नव्हतं. इतक्या कसलेल्या बाईची गाठ राहू शकते, तर आपली का नाही?

आता आपल्या बायकांचं. अंगठी काढायचीच. ती कपारीत अडकली तर बोट जातं. बांगड्या, लांब मंगळसूत्र, ओढणी खाली ठेवायची. मंगळसूत्रावरून आमच्यात बराच वाद झाला. शेवटी एका आजींनीच निकाल दिला, "गळ्यात अडकून फास बसण्यापेक्षा डब्यात बरं." केस घट्ट बांधून कपड्याच्या आत घ्यायचे, कारण दोरावरून उतरताना वेणी यंत्रात ओढली जाते.

हातात ताकद नाही, ही तक्रार प्रत्येकीची. पण चढायचं असतं पायांनी. धुणं-पाणी, डोक्यावर हंडे, चढावरची वाट, यांतून आपले पाय तयार झालेले असतात. छोटी छोटी पावलं टाका, हात सरळ ठेवा, खडक गच्च आवळू नका. आवळलं की कोपराखालचा हात दगड होतो.

आपला कातळ बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर. टणक थराच्या मध्ये भुसभुशीत थर येतो. म्हणून धरण्याआधी दगडावर ठोकायचं. पोकळ वाजला तर सोडायचा. दगड सुटलाच तर चढणारीनं "दगड!" म्हणून ओरडायचं आणि खालच्यांनी वर न बघता कातळाला चिकटायचं. हेल्मेट खालच्यांनीही घालायचं, स्कूटरचं नव्हे, चढाईचं. पावसाळ्यात आणि शेवाळ असेपर्यंत जायचंच नाही.

आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं, तर त्या दिवशी डबा खाऊन परत फिरायचं. तिथं अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. मागच्या माघात आम्ही तसंच परतलो. काकू बरोबर होत्या. मोहोळ पहिल्यांदा त्यांनाच दिसलं.