भय आणि भरवसा – लेखांक सहावा : ताप उतरत नाही त्या रात्री

पूर्व नागपुरात किंवा भंडारा-गोंदियाकडच्या गावांत हिंडलात, तर काही घरांच्या दारांवर आणि मोटारसायकलींवर ‘परमात्मा एक’ ही अक्षरं दिसतील. आत गेलात तर देव्हारा सापडणार नाही. पिढ्यान् पिढ्या पुजलेल्या टाकांचं आणि मूर्तींचं विसर्जन झालेलं असतं. भिंतीवर हनुमानाची तसबीर असते आणि शेजारी महानत्यागी बाबा जुमदेवजींची. ही माणसं स्वतःला सेवक म्हणवतात आणि आपल्या मार्गाला मानवधर्म.

भीतीपोटी माणूस देवाकडे कसा वळतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जुनं सगळं सोडून जो एकाच देवाच्या भरवशावर राहिला, त्याच्यावर पुन्हा संकट आलं की तो काय करतो?

जुमदेवजी ठुब्रीकर यांचा जन्म १९२१ सालचा, नागपुरातल्या गोळीबार चौकातला, विणकरांच्या घरातला. या भागातल्या घराघरांत हातमाग होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचा जीव कासावीस होत गेला. हाती पैसा कमी, घरात आजारपण आणि त्यावर दारू-सट्ट्याची भर. अशा वस्तीत जाणत्याचा, मांत्रिकाचा धंदा कधी बसत नाही. जुमदेवजींचं काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस इथूनच सुरू झालं. देव एक माना, सत्य, मर्यादा, प्रेम यांनी वागा, व्यसनं सोडा, आणि अंगारे, गंडेदोरे, नवस, कोंबडं-बकरं हे सगळं बंद करा. त्यांच्या तत्त्वांपैकी एक नागपुरी थाटाच्या हिंदीत आहे : ‘मरे या जिये भगवत नाम पर’. सेवकांच्या तोंडी ते सतत असतं. माझ्या मते या पंथाचं सगळं वजन या एका तत्त्वावर तोललेलं आहे, कारण बाकीचे नियम सुखाच्या दिवसांत कुणालाही पाळता येतात.

सोडायचं काय, हे नीट पाहायला हवं. समजा, लेकराला ताप भरलाय आणि तो उतरत नाही. पूर्वी अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या असत. आजी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढायची आणि चुलीत टाकायची; मोहऱ्या तडतडल्या पण वास आला नाही, की दृष्ट लागली हे नक्की. मग जाणत्याकडे माणूस जायचा. तो तांदळाचे दाणे टाकून सांगायचा की अमक्या देवाचं राहिलंय किंवा तमक्या बाईची नजर आहे. काळं कोंबडं, नारळ, लिंबं, तिठ्यावर उतारा. तेवढ्यानं भागलं नाही तर बकरा, आणि त्यासाठी कर्ज. यात पैसा जायचा, शेजारणीशी कायमचं वैर यायचं. पण एक गोष्ट मिळायची : काहीतरी केल्याचं समाधान. नवा सेवक गमावतो ते हेच. घरचे हात रिकामे असतात आणि रात्र मोठी असते.

म्हणून माघार वाद हरून होत नसते. एका देवाचं पटलेलं असतंच. सासू म्हणते, ‘‘बापू, एक दोरा बांधून पाहायला काय जाते?’’ आणि दोरा बांधला जातो, बाहीच्या आत, कुणाला दिसू नये असा.

बायबलच्या गणना या पुस्तकात याच माघारीची गोष्ट आहे. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात कंटाळले, तेव्हा त्यांना आठवण आली ती तिथल्या मासळीची, काकड्यांची, कांद्या-लसणाची. मुकादमाचा मार कुणालाच आठवला नाही. पुढे देश हेरायला बारा जण गेले. त्यांतल्या दहा जणांनी तिथल्या धिप्पाड माणसांची दहशत घातली आणि लोक म्हणू लागले, दुसरा पुढारी नेमू आणि मिसरात परत जाऊ. भीतीची ही जुनी खोड आहे. ती मागचं सगळं गोड करून दाखवते.

सेवकांकडे यावर जो उपाय आहे तो मला पंथाच्या तत्त्वज्ञानापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या चर्चा-बैठका नेमानं भरतात. तिथे माणूस आपल्या घरचं दुखणं, आपली चूक चारचौघांत बोलतो. बाहीखालचा दोरा अशा बैठकीत फार दिवस लपत नाही. एकट्यानं धरलेला भरवसा रात्री दोन वाजता सुटतो. पाच घरं जागी असतील तर तो टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

याच नागपूर शहरानं याहून मोठी कसोटी पाहिली आहे, आणि तिथे देवाचा आधारही नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नव्या धम्माची पुस्तकं, विधी, भिक्खू सगळ्यांचीच वानवा होती. त्यात केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. परत फिरायला याहून सबळ कारण कुठलं हवं? कागदावर जुनी जात ठेवून घरी बुद्धवंदना करणारे होते, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण नागपूरच्या वस्त्यांमधून विहारं उभी राहिली. श्रद्धा देवावर असो की धम्मावर, मोडते ती पोटाच्या आणि पोराच्या काळजीनं.

आता अडचणीचा भाग. ‘मरे या जिये’ याचा अर्थ दवाखान्यात जायचं नाही असा कुणी घेतला, तर तो भरवसा राहत नाही, हट्ट होतो. कुठल्याही पंथात मार्गदर्शकाचा जाणता व्हायला वेळ लागत नाही. लोक त्याच जुन्या वाटेनं येतात, फक्त दारावरची पाटी बदललेली असते. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत लेकराला घेऊन रांगेत उभं राहणं हे देवावरच्या अविश्वासाचं लक्षण नाही. उलट ज्याला करणीची भीती उरली नाही, तोच मोकळ्या मनानं डॉक्टरला सगळं सांगू शकतो.

आणि ज्यांना अजून जाणत्याची वाट सुटत नाही त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत होऊ शकते आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.

पुढच्या आठवड्यात महानुभाव पंथाच्या रिद्धपूरला जाऊ. एकाच परमेश्वराला धरून बाकीच्या देवता सोडायच्या, हे महानुभावांनी विदर्भात सातशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.