अनवाणी पायांचे कौतुक

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी रोममध्ये ऑलिम्पिकची मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा इथिओपियाच्या अबेबे बिकिलाच्या पायांत बूट नव्हते. ४२ किलोमीटर १९५ मीटरचे अंतर तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पहिला आला. इतक्या कमी वेळात तोवर कोणीही मॅरेथॉन पुरी केली नव्हती. इथिओपियाचे हे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक. दुसरा आलेला राधी बेन अब्देस्सलाम मोरोक्कोचा, म्हणजे तोही आफ्रिकेचाच.

हे घडले रोममध्ये, हे विसरता येणार नाही. १९३५ साली मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. त्यांनी विषारी वायू वापरला, आणि १९३७ मध्ये अक्सूमचा प्राचीन पाषाणस्तंभ लूट म्हणून रोमला आणून उभा केला. शर्यतीचा मार्ग त्या स्तंभाजवळूनच जात होता. जित देशाचा एक सैनिक जेत्यांच्या राजधानीत जिंकला. स्तंभ मात्र २००५ साली परत गेला.

पुढे जगाने गौरव केला तो अनवाणी पायांचा. उघड्या पायांनी वाढलेला निसर्गपुत्र धावला आणि सहज जिंकला, अशी कथा रंगवली गेली. या कौतुकात एक लबाडी आहे. त्यात माणसाचे कष्ट आणि बुद्धी पुसली जाते. उरते ते केवळ त्याचे दारिद्र्य, आणि तेही शोभेपुरते. वस्तुस्थिती अशी, की बिकिला सम्राटाच्या रक्षकदलात शिपाई होता. ओन्नी निस्कानेन या प्रशिक्षकाने त्याच्याकडून शिस्तीने तयारी करून घेतली होती. रोममध्ये नवे बूट पायाला बसेनात. अनवाणी धावण्याचा सराव होताच, म्हणून बूट बाजूला ठेवले गेले. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

पुरावा हवा असेल तर तो टोकियोत आहे. १९६४ साली, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडेही झाले नसताना, बिकिला बूट घालून धावला. वेळ : २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद. रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी! ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. १९६९ च्या मोटार अपघातात त्याचे पाय कायमचे निकामी झाले. तरी १९७० मध्ये तो इंग्लंडमध्ये चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरला. १९७३ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी तो वारला. त्याचे मोठेपण पायांतल्या बुटांवर कधीच अवलंबून नव्हते.

सवर्णांच्या आळीतून जाताना ज्यांना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्यांना अनवाणीपणाचे काव्य कोणी ऐकवू नये. आमच्या पोरांच्या काटकपणाचे गोडवे गाऊन त्यांना मैदान, प्रशिक्षक, पोटभर अन्न आणि बूट नाकारण्याची सोय कोणालाही मिळता कामा नये. बिकिला अनवाणी जिंकला, हे खरे. पण बूट मिळाल्यावर तो अधिक वेगाने धावला, हेही तितकेच खरे. आणि नेमके हेच सांगायचे राहून जाते.