काळ्या वेषातील व्हार्ला

काळ्या पडद्यावर ध्वनिपट्टीची एक उभी रेषा थरथरू लागते आणि कुणी अदृश्य निवेदक, धर्मोपदेशकाच्या गांभीर्याने, हिंसेने आता स्त्रीदेहाचा आश्रय घेतला आहे असा इशारा देतो. त्याचा आवेश चढत जातो तशा एकीच्या अनेक रेषा होतात, आणि मग एकाएकी मद्यगृहात नाचणाऱ्या तीन तरुणी व त्यांना चेव आणणाऱ्या पुरुषांचे घामेजलेले चेहरे आळीपाळीने अंगावर येतात. रस मेयर या अमेरिकी दिग्दर्शकाच्या 'फास्टर, पुसीकॅट! किल! किल!' या १९६५ सालच्या गुन्हेपटाचा प्रारंभ असा होतो.

मेयरने मोठ्या स्टुडिओंच्या दरबारात उमेदवारी केली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या छायाचित्रण पथकातून तो युरोपच्या रणभूमीवर कॅमेरा चालवीत होता; पुढे मासिकांसाठी ललनांची छायाचित्रे काढून त्याने चरितार्थ चालविला, आणि १९५९ साली 'द इम्मॉरल मिस्टर टीज' काढून थोड्या भांडवलात नग्नता विकता येते हे साऱ्या धंद्याला दाखवून दिले. तीन मोटारसायकलस्वार गुंडांवरील त्याच्या 'मोटरसायको' या चित्रपटाला गल्ला चांगला मिळाला, तेव्हा त्याच मसाल्यात पुरुषांच्या जागी स्त्रिया घालाव्यात असा शुद्ध व्यापारी मनसुबा त्याने रचला. खर्च सुमारे ४५ हजार डॉलर, छायाचित्रण काटकसरीखातर कृष्णधवल, आणि स्थळ कॅलिफोर्नियाचे मोहावी वाळवंट. नवल एवढेच, की मेयरच्या नावाशी कायम निगडित असलेली नग्नता या चित्रपटात नाही.

कथानकाचा मुलाहिजा फार ठेवण्याजोगा नाही. व्हार्ला, रोझी आणि बिली या नर्तकी कोरड्या तळ्याच्या पात्रात मोटारी उधळीत असता एक प्रेमी युगुल त्यांना भेटते. शर्यतीवरून वाद पेटतो, व्हार्ला त्या तरुणाला नुसत्या हातांनी ठार करते आणि लिंडा या त्याच्या सोबतिणीला कैद करून पुढे निघते. वाटेत पेट्रोलपंपावर कळते, की जवळच्या एका कुरणवाडीत रेल्वे अपघाताच्या भरपाईचा पैसा दडवून बसलेला एक अपंग म्हातारा दोन मुलांसह राहतो. लुटारूंचा मुक्काम तेथे पडतो. परंतु या म्हाताऱ्याच्या मनात समस्त स्त्रीजातीविषयी द्वेष साठलेला आहे, आणि त्याचे हेतू पाहुण्यांच्या हेतूंहून तसूभरही शुद्ध नाहीत.

काळाचा गंज या चित्रपटावर पुष्कळ चढला आहे. संवाद फेकल्यासारखे बोलले जातात, म्हाताऱ्याच्या मतिमंद धाकट्या मुलाला 'व्हेजिटेबल' अशी हाक मारण्यातला क्रूर विनोद आज सोसवत नाही, आणि अखेरीस तिन्ही स्त्रियांना मृत्यूची सजा फर्मावून कर्ता आपली नैतिक हिशेबवही बिनबोभाट बंद करतो. हॉलिवूडवर १९३४ पासून ज्या नियमसंहितेचा अंमल होता आणि जी १९६८ मध्ये मोडीत निघाली, तिच्या तावडीबाहेर धंदा करणाऱ्या मेयरनेही पापाला शिक्षा ही तिची मुख्य अट निमूटपणे पाळली.

मात्र तुरा सटाना या अभिनेत्रीने त्या हिशेबाचा पार विचका केला. जपानमध्ये जन्मलेली, मिश्र वंशाची ही मुलगी महायुद्धाच्या काळात अमेरिकेने जपानी वंशीयांसाठी उभारलेल्या मॅन्झनारच्या बंदिछावणीत राहिली होती. बालपणी वाट्यास आलेल्या अत्याचारानंतर आपण युद्धकला शिकलो, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले. त्या आयुष्यातील संताप तिच्या व्हार्लात जसाच्या तसा उतरला आहे. व्हेजिटेबलला मोटारीने भिंतीशी रेटून चिरडू पाहण्याचा प्रसंग पाहावा: चाके धूळ उडवीत जागच्या जागी फिरत आहेत, तो मल्ल सारे बळ एकवटून मोटार मागे लोटतो आहे, आणि सुकाणूमागे बसलेल्या व्हार्लाच्या मुद्रेवर दयेचा लवलेश नाही. मेयरचा कॅमेरा बहुधा जमिनीलगत असतो; हेतू देहाचे भांडवल करण्याचा असेल, परंतु त्या कोनामुळेच प्रेक्षकाला तिच्याकडे मान वर करून पाहावे लागते.

प्रथम प्रदर्शनात चित्रपट आपटला. तो प्रतिसंस्कृतीचा म्हणून ओळखला जातो, पण ही सनद त्याला मागाहून मिळाली: १९८१ साली दिग्दर्शक जॉन वॉटर्सने त्याला सर्वश्रेष्ठ ठरविले, 'द क्रॅम्प्स' या रॉकवृंदाने त्याचे शीर्षकगीत गायिले, आणि पूर्वी स्त्रीद्वेष्टा म्हणून तो नामंजूर करणाऱ्या बी. रुबी रिच या स्त्रीवादी समीक्षिकेने १९९५ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी आपला अभिप्राय फिरविला. मधल्या काळात चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलले होते ते प्रेक्षागृह, जिथे आता स्त्रियाही स्वतःच्या आवडीने येऊन बसल्या होत्या आणि व्हार्लाच्या मृत्यूला न्याय मानण्यास तयार नव्हत्या. मेयरने पुरुषांच्या खिशावर डोळा ठेवून हा माल तयार केला हे खरे. तरी व्हार्लाची मालकी त्याच्या हाती राहिली नाही, आणि जुनाट ठरलेल्या या चित्रपटाचे आयुष्य वाढले ते नेमके त्यामुळेच.