स्मरणशक्तीचा ऱ्हास : कारणांचा शोध व पेढीची व्यवस्था

व्यापाऱ्याचे भांडवल केवळ तिजोरीत नसते. ते त्याच्या स्मरणातही असते. कोणत्या गावची तूर कशी उतरते, कोणाची उधारी किती दिवसांची, कोणाचा शब्द पक्का, ही सारी खतावणी तो डोक्यात वागवीत असतो. म्हणूनच साठीनंतर विसर पडू लागला की त्यास व घरच्या मंडळींस चिंता वाटणे स्वाभाविक होय. तथापि ‘वय झाले’ म्हणून विषय सोडून देणे किंवा एकदम हाय खाणे, ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत.

एखादे नाव न आठवणे व मागाहून आठवणे हे वाढत्या वयात साहजिकच आहे. परंतु तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, वसूल झालेली रक्कम परत मागणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, असे घडू लागल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करावी.

अशा विसराचे कारण एकच नसते. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेला रोग मेंदूच्या पेशींचा क्रमशः नाश करतो. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मधुमेह व रक्तदाब यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडूनही स्मृती क्षीण होते. उलटपक्षी थायरॉइड ग्रंथीची मंदता, मनाची उदासीनता, झोपेच्या गोळ्या, डोक्यास मार लागून साकळलेले रक्त, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, या कारणांवर उपचार आहेत. यांपैकी शेवटच्या कारणाविषयी आपल्या समाजाने विशेष सावध असावे. हे जीवनसत्त्व धान्य-भाजीपाल्यात जवळजवळ नसते; शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूधदुभत्यातून मिळते आणि उतारवयात त्याचे शोषणही घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ही उणीव आढळते. रक्ताच्या तपासणीत ती कळते व गोळ्या वा इंजेक्शने यांनी भरून काढता येते. आहारधर्म सोडावा लागत नाही.

प्रस्तुत लेखकास दीड वर्षापासून असा विसर जाणवत आहे. सर्व तपासण्या झाल्या. परंतु वैद्यांनी निश्चित निदान न करता सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे सांगितले आहे. पुष्कळांच्या बाबतीत असेच होते. कारण दोन तपासण्यांमधील फरकावरूनच ऱ्हास वाढतो आहे की नाही, हे समजते. हा मधला काळ जड जातो खरा. पण तो व्यवस्था लावण्यासाठी वापरावा.

तोंडी व्यवहार बंद करून प्रत्येक सौदा तत्क्षणी लिहावा. रोजमेळ सायंकाळी मुलासमवेत मिळवावा. उधारीची यादी दोघांस ठाऊक असावी. मृत्युपत्र व भागीदारीचा करार बुद्धी स्थिर असतानाच करावा. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. १८७२ च्या करार कायद्यान्वये, ते देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाल्यास सर्वसाधारणपणे मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो.

तरुण मंडळींस एवढेच सांगणे की, वडिलांना गिऱ्हाइकांदेखत टोकू नये व त्यांचे सारे काम एकदम काढून घेऊ नये. मालाची पारख पुष्कळदा हिशेबाहून अधिक काळ टिकते. गादीवर त्यांस त्यासाठी जागा असावी.

कीर्द-खतावणी जुळत नसली तर फरक वेगळा मांडून आपण दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोच. फरकाचा शोध मात्र सोडीत नाही. याही बाबतीत तोच शिरस्ता ठेवावा.