तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे!

मुलांनो, बारावीचा निकाल लागला की घरोघरी कागदपत्रांची धावपळ सुरू होते. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला... एक हातात पडतो तोवर दुसरा राहिलेला असतो! आणि यादीच्या तळाशी एक नाव असतं, 'वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र'. आपल्या नाशिकला १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. डॉक्टर किंवा नर्स होण्यासाठी प्रवेश घेताना हा कागद जोडावा लागतो. इतरही बऱ्याच ठिकाणी तो मागतात.

आता गंमत पाहा. हे नाव वाचलं की आमच्या पेठ तालुक्यातल्या मुलामुलींच्या पोटात गोळा येतो. "डॉक्टरांनी नापास केलं तर?" आणि मोठी माणसं म्हणतात, "त्यात काय! ओळखीच्या डॉक्टरांची सही आणू, झालं!" एकाला भीती वाटते, तर दुसऱ्याला ती नुसती सही वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, बरं का!

डॉक्टर काय पाहतात?

उंची, वजन, छाती, कान, दात हे तर पाहतातच. मग डोळे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, वर मोठी अक्षरं आणि खाली लहान लहान होत गेलेली. हा तक्ता हर्मन स्नेलेन या हॉलंडच्या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. त्यावरून कागदावर ६/६ किंवा ६/१८ असं लिहितात. हा अपूर्णांक सोडवायचा नसतो हं! ६/१८ म्हणजे चांगल्या नजरेला जे अक्षर अठरा मीटरवरून दिसतं, ते वाचायला तुम्हांला सहा मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. म्हणजे तुम्ही नापास झालात का? मुळीच नाही. बहुतेक वेळा चष्मा लागतो, एवढंच.

मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. तो १२०/८० च्या आसपास असला की ठीक. धावतपळत, घाबरत गेलात तर आकडा वाढतो. म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसावं.

मग रक्त. सुईचा टोचा मुंगी चावल्याएवढा! त्यातून हिमोग्लोबिन कळतं. मोठ्या मुलींत ते १२ च्या आणि पंधरा वर्षांपुढच्या मुलांत १३ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं समजतात. अशा वेळी डॉक्टर कारण शोधतात आणि बहुधा लोहाच्या गोळ्या देतात. शाळेत मिळणारी लोहाची गोळी त्यासाठीच असते. ती बाकाखाली टाकून देणारे वीर मला चांगले ठाऊक आहेत! पालेभाजी, कडधान्यं खा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

आपल्या आदिवासी भागात रक्ताची आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे, सिकलसेलची. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या भात कापायच्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हातपाय, सांधे असह्य दुखतात. हा आजार आईवडिलांकडून येतो, स्पर्शाने पसरत नाही. दोघांकडूनही तो गुण आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर मूल 'वाहक' असतं आणि सहसा ठणठणीत असतं. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून आधीच कळलेलं बरं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत याची तपासणी होते.

"पण हे कॉलेजात सांगितलं तर प्रवेश जाईल ना?" उलट आहे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलच्या आजाराचाही समावेश आहे. ठरलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. शिवाय वसतिगृहाला माहीत असेल, तर या मुलाने भरपूर पाणी प्यायला हवं, थंडीपासून जपायला हवं, त्याला अति दमवायचं नाही, हे कळतं. लपवलं, तर रात्री दुखणं उठल्यावर सोबत्यांना काय करावं तेच सुचायचं नाही!

रंग ओळखता येतात का?

काही अभ्यासक्रमांना रंगदृष्टी तपासतात. रंगीत ठिपक्यांचं चित्र दाखवून त्यात लपलेला आकडा विचारतात. ही चित्रं जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही आणि आकडा दिसतच नाही. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त आढळतं. अणूचा सिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन आठवतात ना? त्यांनाही हाच दोष होता, आणि १७९४ साली त्यांनी स्वतःच त्यावर निबंध वाचला!

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली एक गोष्ट ऐका. २०१५ साली बिहारचा एक तरुण चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडला गेला. वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघाला आणि प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयातही तो हरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने जाणकारांची समिती नेमली, आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला, की रंगांधळ्यांना तिथले अभ्यासक्रम बंद ठेवू नयेत. तपासणीतला एक शेरा म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे!

पण रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्याला लाल आणि हिरवा सिग्नल ओळखता आलाच पाहिजे. शेकडो प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असतो. म्हणून तिथे नियम कडक असतात. मग हे बारावीनंतर, फॉर्म भरताना कळावं, की आठवी-नववीत, स्वप्न ठरवताना? तुम्हीच सांगा!

पालकांशी दोन शब्द

आईबाबांनो, तपासणी न करता आणलेली सही कागद पुरा करते, पण मुलाचं दुखणं तिला दिसत नाही. पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, वाटेत सावळघाट, त्यात पावसाळा. खेप वाया गेली की मजुरीही बुडते. म्हणून आधी फॉर्म नीट वाचा. कोणत्या डॉक्टरांची सही चालते, सरकारीच हवी का, ते पाहा. गावच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. ठरलेला नमुना, फोटो, ओळखपत्र, जुना चष्मा आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या. सहीखाली डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. मुलगी असेल तर आईने सोबत जावं. शाळेत आरोग्य पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका!

आणि मुलांनो, तुम्हांला एक गृहपाठ. उद्या वर्गात शेवटच्या बाकावर बसा. एक डोळा तळहाताने झाका आणि फळा वाचा. मग दुसरा झाका. अक्षर पुसट दिसलं, तर बाईंना नाहीतर गुरुजींना लगेच सांगा. डोळे मिचकावत, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत बसू नका. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, "दम लागतो", "चक्कर येते", "फळा दिसत नाही". इथे खऱ्या उत्तरालाच पूर्ण गुण आहेत!