कान गावात, मेंदू शहरात

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट कोलमडली. अनेक गावांतील मोबाईल मुके झाले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. घरात आजारी माणूस, रस्त्यावर आडवे पडलेले वृक्ष आणि डॉक्टरांशी दोन शब्द बोलण्याची सोय नाही, अशी अवस्था ज्या कुटुंबांनी अनुभवली, त्यांना दूरसंचार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच मोबाईलच्या मनोऱ्यांच्या रचनेत जगभर जो मूलगामी पालट होऊ घातला आहे, त्याची चर्चा केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

मनोऱ्याची कामे मुख्यत्वे दोन. वरच्या टोकाचे अँटेना आणि रेडिओ संच लहरी ऐकतात व पाठवितात. हे मनोऱ्याचे कान आणि तोंड. त्या लहरींच्या गोंगाटातून प्रत्येकाचे बोलणे वेगळे काढणे, कोणी केव्हा बोलावे याचा क्रम लावणे, चुका दुरुस्त करणे हे काम पायथ्याशी ठेवलेली संगणकीय पेटी करते. हा त्याचा मेंदू. आजवर प्रत्येक मनोऱ्याला स्वतःचा मेंदू असे. नवी कल्पना अशी की, कान गावातच राहू द्यावेत, मात्र अनेक मनोऱ्यांचे मेंदू उचलून एका केंद्रात एकत्र ठेवावेत आणि फायबर केबलने दोहोंची जोडणी करावी. पुढची पायरी म्हणजे त्या केंद्रातील खास बनावटीच्या पेट्याही काढून टाकून तेच काम सर्वसाधारण संगणकांवर आज्ञावलीच्या साहाय्याने करवून घेणे. यालाच क्लाउड रेडिओ जाळे म्हणतात.

या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला तो चायना मोबाईल या चिनी कंपनीने, 2010 च्या सुमारास. तिचे गणित सरळ होते. मनोऱ्याच्या ठिकाणी खर्च होणाऱ्या विजेपैकी जवळजवळ निम्मी वीज यंत्रे थंड ठेवण्यातच जाते, असे तिला आढळून आले होते. मेंदू एकत्र आले की वातानुकूलन, जागा आणि देखभाल या तिन्हींचा खर्च उतरतो.

दुसरा लाभ आमच्या किनारी वाचकांना चटकन उमगेल, कारण अभियंते त्याला भरती-ओहोटीचीच उपमा देतात. दिवसा माणसे कचेऱ्यांत असतात, रात्री घरी. पण दोन्हीकडील मनोरे आपापल्या सर्वाधिक गर्दीचा विचार करून उभारावे लागतात, आणि उरलेला वेळ त्यांची शक्ती पडून राहते. डिसेंबरातील कळंगुट आणि जूनमधील कळंगुट, 3 डिसेंबरच्या फेस्ताचे जुने गोवे आणि एरवीचे जुने गोवे यांत जेवढा फरक, तेवढा त्या मनोऱ्यांच्या कामात असतो. मेंदू सामाईक असेल, तर भरती जिकडे तिकडे शक्ती वळविता येते. ही बचत खरी आहे, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

परंतु निसर्गाने या बचतीला एक मर्यादा घातली आहे. कच्च्या लहरी आकड्यांत रूपांतरित करून केंद्राकडे धाडायच्या, तर केबलवर प्रचंड भार पडतो. फोर-जीचा 20 मेगाहर्ट्झचा एक पट्टा दोन अँटेनांच्या साहाय्याने ग्राहकांना सेकंदाला फार तर 15 कोटी बिट देतो. त्याच्याच कच्च्या लहरी वाहून नेण्यास मात्र सेकंदाला सुमारे 245 कोटी बिट लागतात, म्हणजे सोळापट. शिवाय वेळेचे बंधन आहे. फोनने पाठविलेल्या प्रत्येक तुकड्याला तो पोचला की नाही याचे उत्तर चार मिलिसेकंदांत मिळाले पाहिजे, आणि त्यातील बहुतेक वेळ आकडेमोडीतच संपतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तरीही 20 किलोमीटरच्या एका खेपेत मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा जातो. म्हणून संपूर्ण मेंदू हलवायचा, तर केंद्र साधारणतः वीस किलोमीटरच्या टप्प्यातच असावे लागते. काणकोण पणजीहून रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे 'क्लाउड' या शब्दाने भुरळ पडण्याचे कारण उरत नाही. हा मेघ आकाशात तरंगत नाही. तो जवळच्याच एखाद्या इमारतीत, विजेच्या आणि केबलच्या आधाराने उभा असतो.

या अडचणीवर तोडगा निघाला तो मेंदूची विभागणी करून. घाईचे काम मनोऱ्याजवळ ठेवायचे, सवडीचे दूरच्या केंद्राकडे सोपवायचे. फाइव्ह-जीच्या 2018 च्या जागतिक मानकांत अशा विभागणीची तरतूद झाली. जपानच्या राकुतेन मोबाईलने एप्रिल 2020 मध्ये बहुतांशी आज्ञावलीवर चालणारे देशव्यापी जाळे व्यवहारात आणून दाखविले, जरी त्या कंपनीला पुढे काही वर्षे मोठा तोटा सोसावा लागला. आमच्या दृष्टीने यातील बोध असा की, मेंदूचा किती हिस्सा गावात ठेवायचा आणि किती शहरात न्यायचा ही गोष्ट आता माणसाच्या निवडीवर आली आहे. निवड म्हटली की ती कोणाच्या सोयीने, हा प्रश्न आलाच.

एकत्रीकरणाची दुसरी बाजू त्याच जपानने पाहिली. जुलै 2022 मध्ये केडीडीआय या कंपनीच्या एका राउटरच्या देखभालीच्या कामात चूक झाली. हा बिघाड रेडिओ जाळ्यातील नव्हता, मध्यवर्ती जाळ्यातील होता. पण तो पसरत गेला आणि अडीच दिवसांहून अधिक काळ कोट्यवधी ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. आणीबाणीचे दूरध्वनीही त्यातून सुटले नाहीत. मनोरा मोडला तर एक वाडा मुका होतो. केंद्र वा त्याची केबल गेली तर सबंध तालुका. आणि आपल्याकडे केबल तुटण्यास चक्रीवादळच लागते असे नाही. जलवाहिनीसाठी रस्ता खोदणारे यंत्रही पुरते.

दूरसंचार हा केंद्र सरकारचा विषय असला, तरी केबल जाते ती राज्याच्या रस्त्याखालून. 1 जानेवारी 2025 पासून अंमलात आलेल्या नव्या मार्गाधिकार नियमांनी खोदाईची परवानगी सुलभ केली, हे योग्यच झाले. तथापि परवानगीच्या निमित्ताने राज्य सरकारने कंपन्यांसमोर तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्ही सुचवितो. अशा प्रत्येक केंद्राला निरनिराळ्या रस्त्यांनी जाणाऱ्या दोन केबली असाव्यात. मनोरा आणि केंद्र या दोन्ही ठिकाणी वीज गेल्यावर टिकेल असा बॅटरीचा साठा असावा, कारण कान जागे आणि मेंदू झोपलेला, या अवस्थेचा उपयोग कोणालाच नाही. आणि मुख्य दुवा तुटला तरी त्या परिसरापुरते बोलणे चालू राहील, एवढी शक्ती तालुक्यातच ठेवावी. बचाव पथकांसाठी अशी व्यवस्था जागतिक मानकांत 2016 मध्येच आली आहे. ती कागदावरून मैदानात उतरविणे एवढेच बाकी आहे. जून 2023 मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत ग्राहकांना कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावरून बोलण्याची मुभा देण्यात आली होती. गोव्यानेही तशी तयारी वादळ येण्यापूर्वी करून ठेवावी.

या सर्वाला पैसा लागेल आणि एकत्रीकरणातून होणारी बचत तेवढ्या प्रमाणात घटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु बचतीचा लाभ कंपनीने घ्यावा आणि जोखीम मात्र सत्तरी-सांगेतील कुटुंबाने उचलावी, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. ज्या मुलांनी 2020 साली शाळेच्या तासासाठी टेकडीवर जाऊन मोबाईलची रेघ शोधली, त्यांच्या गावी उद्या मनोरा उभा राहील आणि राहावाही. मात्र वादळाच्या रात्री तो नुसता उभा न राहता बोलताही राहील, याची हमी मागण्याचा अधिकार त्यांच्या आईबापांना आहे. तो मागण्याची वेळ केबल पुरल्यानंतरची नव्हे, पुरण्यापूर्वीची आहे.