सातपूरहून दिसलेलं २०२१

२०२१ साली नाशिकमध्ये काय घडलं, असं विचारलं तर शहरातली माणसं बहुधा दोनच गोष्टी सांगतात. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी गळली आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. पहिली सांगताना आवाज खाली येतो, दुसरीवर वाद सुरू होतो. या दोन्हींमध्ये जवळजवळ साडेसात महिन्यांचं अंतर आहे. ते महिने सातपूरहून पाहिले तर हे वर्ष जरा निराळं दिसतं, आणि ते तसं लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

सातपूर म्हणजे त्र्यंबक रस्त्यावरची कारखान्यांची वस्ती. साठच्या दशकात इथं एमआयडीसी आली, मग मोठ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्या आधारानं सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. खानदेशातून, मराठवाड्यातून, पुढं उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली आणि अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनी भरत गेल्या. शहराचे सभा-समारंभ गोदाकाठी नाहीतर कॉलेज रोडला होतात. सातपुरात दिवस पाळ्यांवर मोजला जातो.

वर्षाची सुरुवात उमेदीची होती. १६ जानेवारीला देशात कोरोनाचं लसीकरण सुरू झालं. याच महिन्यात ९४वं संमेलन दिल्लीऐवजी नाशिकला देण्याचं ठरलं आणि २४ तारखेला अध्यक्ष म्हणून डॉ. जयंत नारळीकरांचं नाव जाहीर झालं. विज्ञानलेखक या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ. १९४२ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष आचार्य अत्रे होते, २००५ साली केशव मेश्राम. त्या रांगेत आता एक खगोलशास्त्रज्ञ बसणार होता, आणि तोही अशा वर्षी, की घरोघरी माणसं विषाणू, प्रतिपिंडं आणि रक्तातला ऑक्सिजन यांवर बोलत होती. यापेक्षा समर्पक निवड मला सुचत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार या वर्षी मधु मंगेश कर्णिकांना जाहीर झाला. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. सातपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा मेट्रोची चर्चा संमेलनापेक्षा जास्त होती, आणि ते साहजिक होतं. रोज दोन वाहनं बदलून कामावर येणाऱ्याला तीच बातमी आपली वाटणार.

संमेलन २६ ते २८ मार्चला गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचं होतं. मार्च उजाडला तसे रुग्ण वाढू लागले आणि ते पुढं ढकललं गेलं. महिनाअखेरीस देशातल्या सर्वाधिक रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांच्या यादीत नाशिक होतं. त्या दिवसांतला एक निर्णय देशभर गाजला. बाजारात शिरायला माणशी पाच रुपयांची पावती, ती एका तासापुरती, तास उलटला तर पाचशे रुपये दंड. मेन रोडबरोबर आमच्या अशोकनगरच्या भाजीबाजारालाही ती लागू होती. गर्दी आवरायला काहीतरी करणं भाग होतं, हे मान्य. पण पाळी सुटल्यावर पाव किलो गवार घ्यायला येणाऱ्या बाईला हे पाच रुपये जाणवत होते.

मग एप्रिल आला. या महिन्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सातपूर आणि शहर यांचं नातं तेव्हा जितकं उघड झालं तितकं आधी कधी झालं नव्हतं. गॅस कटिंगला लागणारा ऑक्सिजन आणि रुग्णाच्या नाकाशी लागणारा ऑक्सिजन मुळात हवा वेगळी करणाऱ्या एकाच प्रकारच्या प्रकल्पातून येतो. शुद्धतेचे आणि भरण्याचे नियम वेगळे, वायू तोच. मार्चअखेर राज्य सरकारनं आदेश काढला की ८० टक्के ऑक्सिजन रुग्णालयांना आणि २० टक्के उद्योगांना. हे वीस टक्केही टिकले नाहीत. २२ एप्रिलपासून केंद्रानं नऊ क्षेत्रं वगळता उद्योगांचा पुरवठा थांबवला. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कटिंग टॉर्च खुंटीला लागल्या. जाड पत्रा कापायचा तर ऑक्सिजन हवाच, आणि पत्रा कापलाच नाही तर पुढं वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग, सगळंच अडतं. अर्धवट जॉब शेडमध्ये पडून राहिले आणि जम्बो सिलिंडर शहराकडे वळले. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी त्यात बुडाली. तरी हा वायू आम्हालाच द्या, असं म्हणणारं कुणी मला भेटलं नाही. ज्याचं काम थांबलं त्याच्याच घरातलं, नात्यातलं कुणीतरी खाटेच्या शोधात फिरत होतं. या वर्षातली ही मला सर्वांत मोठी सार्वजनिक गोष्ट वाटते. तिचा ना सत्कार झाला ना ठराव.

२१ एप्रिलला दुपारच्या सुमारास महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरली जात असताना गळती सुरू झाली. टाकीत द्रवरूप ऑक्सिजन असतो, उणे १८३ अंशांच्या आसपास. तो वायू होऊन नळीवाटे खाटांपर्यंत जातो. गळतीमुळे नळीतला दाब पडला आणि व्हेंटिलेटरवर, जास्त प्रवाहाच्या ऑक्सिजनवर असलेले रुग्ण तडफडू लागले. बाहेर पांढरे लोट उठत होते आणि आत नातेवाईक मिळेल तो सिलिंडर ओढत खाटेकडे नेत होते. त्या दिवशी २२ माणसं गेली. ती विषाणूशी झगडत होती, कित्येक दिवस टिकलीही होती. त्यांना विषाणूनं नेलं नाही, ती एका जोडणीपाशी गेली. कारखान्यात वावरणाऱ्या माणसाला हे विशेष लागतं. व्हॉल्व्ह, कपलिंग, दाबाची टाकी, तिची वेळच्या वेळी तपासणी, बंद पडली तर दुसरी सोय हे सातपूरचं रोजचं काम आहे. हे जाणणारे हजारो हात याच शहरात होते. रुग्णालयं आणि कारखाने यांच्यात त्या ज्ञानाची देवाणघेवाण आधीच असती तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

मे महिन्यात एरवी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला रंगते. त्या मेमध्ये १२ तारखेच्या दुपारपासून जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली. कामगारांची राहण्याची सोय आवारात करता येईल त्याच कारखान्यांना चालू राहण्याची मुभा होती. मोठ्या कंपनीला ते कसंबसं जमतं. चार लेथ आणि सहा माणसांच्या गाळ्यानं कुणाला कुठं झोपवायचं? लहान गाळ्यांची शटर खाली आली आणि अनेकांचे हप्ते थकले.

८ जुलैला महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. शहराची बस तोवर एसटी चालवत होती, आणि ती आक्रसत चालली होती. संमेलनाच्या वर्षात बसची नोंद कशाला, असं कुणी म्हणेल. पण ज्या गावात रात्री परतायला बस नसते, तिथला कामगार नाटकाला जात नाही, व्याख्यानाला जात नाही, वाचनालयात पुस्तक बदलायलाही जात नाही. संस्कृतीचा रस्ता आधी बसथांब्यावरून जातो. म्हणून माझ्या लेखी ८ जुलै ही त्या वर्षातली सांस्कृतिक तारीख आहे.

त्या पावसाळ्यात मराठीनं दोन मोठी माणसं गमावली. २४ जुलैला कवी सतीश काळसेकर गेले, २९ ऑगस्टला नाटककार जयंत पवार. पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं गिरणगावातलं घर सातपूरच्या माणसाला परकं नाही. कारखाना बंद पडल्यावर घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलू लागतात, हे इथल्या कॉलन्यांनीही पाहिलंय. दोघांनाही निरोप द्यायला नाट्यगृह उघडं नव्हतं. त्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, नाशिकचा विदित गुजराथी सोचीच्या बुद्धिबळ विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. फार दिवसांनी आलेली ती निव्वळ आनंदाची बातमी.

घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, मंदिरं उघडली आणि २२ तारखेला नाट्यगृहं. दसऱ्याला शेडमधली यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पुजली गेली. त्या पूजेत मला देवळाच्या रांगेपेक्षा जास्त अर्थ दिसला, कारण यंत्र चालू राहणं हेच त्या वर्षी मागणं होतं. लगेच एसटीचा संप आला. सिटीलिंक शहरात धावत होती, पण शहराबाहेरच्या खेड्यांतून सातपूरला येणारा कामगार काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं येत राहिला.

अखेर ३ ते ५ डिसेंबरला संमेलन झालं. जागा बदलून आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत गेली होती. सातपूरपासून हे शहराचं पार दुसरं टोक. आधीच्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला होता. द्राक्षबागांची नासाडी झाली, मांडवात चिखल झाला. नगरीला कुसुमाग्रजांचं नाव होतं, सावरकरांच्या नावावरून वाद पेटला होता. जावेद अख्तर आले, विश्वास पाटील आले. नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवली, कारण ज्या शहरानं वर्षभर अफवा आणि काढे सोसले होते, त्याला त्यांच्यासारख्या माणसाला समोरासमोर ऐकण्याची गरज होती. ४ आणि ५ तारखेला केटीएचएम महाविद्यालयाच्या मैदानावर डॉ. आनंद पाटील यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही झालं. एकाच शहरात दोन मांडव पडले याचं मला वाईट वाटलं नाही. घुसमटलेल्या माणसांना बोलायला दोन जागा मिळाल्या. वाईट वाटलं ते शेवटच्या दिवशी पत्रकार गिरीश कुबेरांवर शाई फेकली गेली याचं. राग त्यांच्या एका पुस्तकातल्या मजकुराचा होता. पण मजकुराला उत्तर मजकुरानंच द्यायचं असतं, आणि ते देण्यासाठीच तर मांडव घातलेला होता.

त्या गडबडीत एक बातमी मागं पडली. संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ डिसेंबरला, राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला होता. ३० डिसेंबरच्या रात्री नवे निर्बंध आले. समारंभाला पन्नास माणसं, अंत्यविधीला वीस. संमेलन आणखी महिनाभर पुढं ढकललं असतं, तर ते झालंच नसतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सातपुरात वर्कशॉपचे मालक गॅसच्या एजन्सीला फोन लावत होते आणि जानेवारीत ऑक्सिजन मिळेल ना, एवढंच विचारत होते.